बंदरातले आठ तास: मुंबईत उतरलेला प्रवासी कुठे जातो आणि का?

१/ मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सागरी सहलीचे जहाज सकाळी लागते आणि पुष्कळदा त्याच संध्याकाळी सुटते. मधल्या आठ-दहा तासांत प्रवाशाला एकच सहल साधते. घारापुरी, कान्हेरी, कार्ले, की नुसती मुंबई? वरवर हा एकेका प्रवाशाच्या आवडीचा प्रश्न आहे. परंतु महाराष्ट्रातील कोणती स्थळे जगाला ठाऊक झाली आणि कोणती राहून गेली, हे अशाच हजारो निवडींनी बऱ्याच अंशी ठरवले. आजचा धागा या आठ तासांच्या इतिहासाविषयी.

२/ सुरुवात दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मार्गदर्शिकेपासून करू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोच, सोपारा, कल्याण, चौल ही पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे येतात. त्याचा लेखक मात्र किनाऱ्यावर थांबत नाही. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर, असे अंतर तो नोंदवतो. या दोन्ही ठिकाणांहून माल गाड्यांवर लादून बंदरात येई. त्या काळच्या दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या नकाशात बंदराची पाठ, म्हणजे घाटामागचा मुलूख, तीस दिवसांच्या वाटेइतकी लांब होती.

३/ त्या व्यापाराच्या खुणा मुंबईतच, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, आहेत. कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत आणि शिलालेखही विपुल. कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांनी कोठे लेणे, कोठे पाण्याचे टाके दिल्याचे हे लेख सांगतात. बंदरात मिळवलेल्या पैशाचा एक वाटा डोंगरात कसा मुरला, याची ही कागदपत्रेच म्हणावीत, फक्त दगडावरची. तेथेच इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या झरथुष्ट्री पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. लेणी पाहायला येणे ही रीत आगबोटींपेक्षा सुमारे आठशे वर्षांनी जुनी आहे.

४/ घारापुरीची गोष्ट याहून निराळी. बेटावरच्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्याला ‘एलिफंटा’ हे नाव दिले. जुआंव द कास्त्रो याने १५३८ मध्ये येथील लेण्याचे वर्णन केले. गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. येथील एक शिलालेख पोर्तुगालला पाठवला गेला आणि पुढे हरवला. म्हणून हे लेणे कोणी खोदवले याची लेखी साक्ष आज उरलेली नाही. शैली आणि बेटावर सापडलेली नाणी यांच्या आधारे अभ्यासक ते बहुधा सहाव्या शतकातील कलचुरींच्या काळाशी जोडतात. तो हत्तीही बेटावर राहिला नाही. १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना तो फुटला. तुकडे जोडून उभा केलेला हत्ती आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ आहे.

५/ मग एकोणिसाव्या शतकात दोन बदल झाले. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि घाटमाथा मुंबईपासून काही तासांवर आला. लोणावळ्याजवळचे कार्ल्याचे चैत्यगृह एका दिवसाच्या आवाक्यात आले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. युरोपातून मुंबईला येण्यासाठी आफ्रिकेला वळसा घालण्याची वा सुएझला जहाज बदलण्याची गरज उरली नाही. १८७२-७३ मध्ये टॉमस कुकने आपली पहिली जगप्रदक्षिणेची सहल काढली, तीत हिंदुस्थानही होता. नोव्हेंबर १८७५ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला घारापुरीच्या लेण्यातच मेजवानी देण्यात आली. ‘मुंबईला गेलो आणि एलिफंटा पाहिले नाही’ असे म्हणणे त्यानंतर प्रतिष्ठित पाहुण्याला शोभेनासे झाले असावे.

६/ १९२२ मध्ये ‘लॅकोनिया’ हे जहाज न्यूयॉर्कहून जगप्रदक्षिणेला निघाले. सुमारे १३० दिवस, २२ बंदरे. या प्रकारच्या प्रवासात जहाज हेच घर असते. बंदर म्हणजे घराच्या अंगणातून दिसणारे गाव. पूर्वीचा प्रवासी आगबोटीतून उतरून आगगाडीत बसे आणि आठवडे-महिने देशात फिरे. नव्या प्रवाशाला रात्रीच्या जेवणाला जहाजावर परतायचे असते. मुलुखाचे अंतर दिवसांत मोजण्याऐवजी तासांत मोजले जाऊ लागले, ते येथून.

७/ या हिशेबात घारापुरी सहज जिंकते. गेट वे ऑफ इंडियापासून लाँचने साधारण तासाभराचा पल्ला, रस्त्यावरच्या वाहतुकीची धास्ती नाही, आणि मुख्य लेणे एकच, त्यामुळे दीड-दोन तासांत पाहून होते. कान्हेरीला जाताना मुंबईची गर्दी आडवी येते. कार्ले शंभरावर किलोमीटर दूर. जहाज कंपनीने काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते; स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्यासाठी थांबत नाही. त्यामुळे सावध प्रवासी जवळचे तेच निवडतो. गोव्यातही हेच दिसते. मुरगाव बंदरात उतरलेला प्रवासी जुन्या गोव्याला जातो. ते शहर स्वतःच एके काळी मांडवीकाठचे गजबजलेले बंदर होते, हे मात्र चर्चच्या भव्यतेपुढे त्याच्या क्वचितच लक्षात येते.

८/ निवड झालेल्या स्थळाचे तरी भले होते का? घारापुरी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन वस्त्या आहेत. तेथे समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती २०१८ मध्ये, म्हणजे वारसा दर्जा मिळाल्यानंतर ३१ वर्षांनी. तोवर रात्रीचे काही तास जनरेटरवर निघत. त्या ३१ वर्षांत जगभरचे पाहुणे येथे येत होते. पण शेवटची लाँच संध्याकाळी परतते आणि पाहुण्यांना बेटावर मुक्काम करता येत नाही. अंधार पडण्याआधी जो निघून जातो, त्याला गावात दिवा नाही हे कसे कळावे? आठ तासांच्या नजरेची ही मर्यादा आहे. ती लेणे पाहते, लेण्याखालचे गाव पाहत नाही.

९/ आणि निवड न झालेल्या मुलुखाचे काय? मी हे इंदापूर तालुक्यातील बावड्याहून लिहितो आहे. मुंबई बंदरापासून अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. जहाजाच्या घड्याळात हे गाव बसणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. पण त्या घड्याळाबाहेर काय राहते ते पाहावे. मालोजीराजे भोसले पडले ते इंदापूर. भीमा आणि नीरा यांच्या संगमावरचे नीरा-नरसिंहपूर, अनेक मराठी कुटुंबांचे कुलदैवत. पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर, जे उजनीच्या जलाशयात बुडाले आणि पाणी फार उतरलेल्या उन्हाळ्यातच पुन्हा दिसते.

१०/ या मुलुखाला प्रवासाचे स्वतःचे मोजमाप आहे: मुक्काम. तुकोबांची पालखी देहूहून निघते आणि बारामती, इंदापूर, बावडा, सराटी अशी येते. सराटीला नीरेत पादुकांना स्नान घातले जाते, मग पालखी नदी ओलांडून अकलूजकडे जाते. देहू ते पंढरपूर ही वाट सुमारे अठरा-वीस दिवसांची. पेरिप्लसच्या लेखकाने भडोच ते पैठण मोजले तेही वीस दिवसच. पायी वा बैलगाडीने चालणाऱ्याच्या हिशेबात हा मुलुख दोन हजार वर्षे जवळपास तेवढाच राहिला. मुक्कामाला राहणाऱ्याला गावातला दिवा, पाणी, अन्न यांची खबर असावीच लागते. संध्याकाळी परतणाऱ्याला ती नसली तरी चालते.

११/ तरीही ज्याच्या हाती आठच तास आहेत, त्याने काय निवडावे? एक, एकच स्थळ निवडावे. दोन गाठू पाहणारा बहुतेक वेळ रस्त्यावर घालवतो. दोन, वार पाहावा: घारापुरी आणि कान्हेरी दोन्ही सोमवारी बंद असतात. तीन, परतीसाठी निदान दोन तास राखून ठेवावेत. आणि चौथे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे: आपण ज्या किनाऱ्यावर उतरलो, तेथे माणसे का उतरत आली हे जे स्थळ सांगेल ते निवडावे.

१२/ या कसोटीवर माझे मत कान्हेरीला. शिल्पाच्या वैभवात ती घारापुरीच्या त्रिमुखी शिवापुढे उभी राहणार नाही, हे मान्य. परंतु घारापुरीची साक्ष हरवली आहे आणि कान्हेरीची शाबूत आहे. कोणी दान दिले, कोणत्या बंदरातून आले, हे दगडावर अजून वाचता येते. ज्याला घारापुरीलाच जायचे असेल त्याने खुशाल जावे. फक्त लेणे पाहून झाले की लाँच सुटण्याआधी अर्धा तास राजबंदरच्या वाटेनेही चालावे. आठ तासांतला तेवढा अर्धा तास मुक्कामाच्या नजरेला द्यावा.

१३/ तुमच्या गावाजवळ असे कोणते ठिकाण आहे, जे कोणाच्याही एका दिवसाच्या सहलीत बसत नाही? खाली जरूर लिहा. पुढचा धागा त्यांतल्याच एखाद्यावर लिहीन.