मोती तलावाकाठचा राजवाडा

‘घर फिरले म्हणजे घराचे वासेही फिरतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. जुन्या घराण्यांचे वाडे पाहावयास गेले असता या म्हणीचा प्रत्यय बहुधा येतोच. कोठे भिंती खचलेल्या असतात, तर कोठे भाऊबंदकीपायी दिंडीदरवाजास कुलूप पडलेले असते. परंतु घर फिरले असताही वासे जागच्या जागी कसे राहतात, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी सावंतवाडीचा राजवाडा अवश्य पाहावा. गतवर्षी आम्ही सहकुटुंब तेथे जाऊन आलो. त्या वेळी मनात जे विचार आले, ते ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सावंतवाडीचे जुने नाव सुंदरवाडी. सावंत भोसले घराण्याची ही राजधानी. एका बाजूस गोव्यातील पोर्तुगीज, दुसऱ्या बाजूस करवीरकर आणि पुढे इंग्रज, अशा तिहेरी कचाट्यात सापडूनही या लहानशा संस्थानाने आपले अस्तित्व टिकवून धरले. तिसरे खेमसावंत यांनी १७५५ ते १८०३ पर्यंत राज्य केले. त्यांच्याच कारकिर्दीत आजचा राजवाडा उभा राहिला. कोकणच्या जांभ्या दगडाचे हे बांधकाम आहे. राजवाड्यासमोरील मोती तलाव मात्र बराच नंतरचा. तो १८७४ साली बांधण्यात आला. पाठीशी नरेंद्र डोंगराची हिरवी गर्द झाडी, पुढे तलावाचे विस्तीर्ण पाणी आणि मध्ये तांबूस रंगाचा वाडा, असे हे दृश्य आहे. सायंकाळी तलावाच्या काठाने फिरावयास निघालेली गावची मंडळी पाहिली, म्हणजे हा तलाव राजाचा की रयतेचा, असा प्रश्नच उरत नाही.

याच घराण्यातील पाचवे खेमसावंत उर्फ बापूसाहेब महाराज यांचे नाव तळकोकणात आजही आदराने घेतले जाते. १९२४ ते १९३७ हा त्यांच्या राज्यकारभाराचा काळ. त्यांच्या निधनानंतर शिवरामराजे गादीवर आले, तेव्हा ते वयाने लहानच होते. पुढे १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले. राज्य गेले, उत्पन्न गेले; उरला तो एवढा मोठा वाडा आणि त्याची डागडुजी. अशा प्रसंगी पुष्कळांनी वाडे विकले, कित्येकांनी ते तसेच मोडकळीस येऊ दिले. येथे काय घडले, ते पाहण्यासारखे आहे.

माफक शुल्क देऊन आम्ही आत गेलो. दरबाराच्या दालनात सिंहासन आहे, पूर्वजांच्या तसबिरी आहेत. परंतु आमची दृष्टी खिळली ती त्याच दालनात मान खाली घालून गंजिफा रंगवीत बसलेल्या कारागिरांवर. जेथे एके काळी मुजरे झडत, तेथे आज कुंचले चालतात!

गंजिफा म्हणजे जुन्या पद्धतीचे वाटोळे पत्ते. बाबराने १५२७ साली गंजिफांचा एक संच सिंधमध्ये पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. आपल्या लोकांनी या परदेशी खेळाला दशावताराचा साज चढविला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार. प्रत्येक अवताराचा एक राजा, एक प्रधान आणि एकपासून दहापर्यंतची पाने, असे एकंदर १२० पत्ते होतात. दिवसा डाव मांडल्यास रामाच्या राजाने उतारी करावयाची आणि रात्री कृष्णाच्या राजाने, असा संकेत आहे. चिंचोक्याच्या खळीने कापडाचे थर चिकटवावयाचे, घोटून गुळगुळीत करावयाचे, गोल कापून रंगवावयाचे आणि वर लाखेचा हात द्यावयाचा, अशी ही जुनी मेहनतीची कला.

छापील पत्ते आले आणि ही कला मरणपंथास लागली. ती जाणणारे एक वृद्ध चितारी तेवढे उरले होते. शिवरामराजे आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी, या दोघांनी त्यांच्यापाशी बसून ही विद्या स्वतः शिकून घेतली. मग तरुणांना शिकविली आणि दरबाराचे दालन कामासाठी मोकळे करून दिले. सत्त्वशीलादेवींनी तर २०१८ साली देहावसान होईपर्यंत हे व्रत चालविले. आज त्यांची पुढील पिढी ते पाहत आहे. ज्यांच्यापुढे चिताऱ्याने हात जोडून उभे राहावयाचे, तेच त्याच्यापुढे शिष्य होऊन बसले. विद्या ज्याच्यापाशी, तो गुरू. मग त्याचे कुळ कोणते आणि आपले कोणते, हा विचार त्यांनी केला नाही.

येथे आम्हांस एक कबुली देणे भाग आहे. आमच्या आजोबांपाशी लाकडी पेटीत असाच एक गंजिफांचा डाव होता. आजोबा गेल्यावर आम्ही भावंडांनी त्या पानांना भोके पाडून खेळातल्या गाड्यांची चाके केली. पावसाळा संपेपर्यंत एकही पान शिल्लक राहिले नाही. घरात कोणी रागावलेही नाही, कारण तो खेळ कोणासच येत नव्हता. दरबारात वराहाचे एक पान ओले चमकताना पाहिले आणि ती चाके आठवली. जन्मभर मुलांना इतिहास शिकविला, परंतु आपल्या घरचा इतिहास आपणच चिखलात लोटला, हे त्या दिवशी उमगले.

आपल्या मंडळाच्या अंकांतून वंशावळी प्रसिद्ध होतात, हे योग्यच आहे. परंतु केवळ नावांनी घराणे टिकत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचा राजवाडा नाही. गावी माळ्यावर एखादी पेटी आहे, मोडी कागदांचे दफ्तर आहे, एखाद्या आजीच्या हातात कसब आहे. प्रत्येक कुटुंबाने येत्या सुटीत गावी जाऊन एवढे करावे: पेटी उघडावी, दफ्तर मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावे आणि आजीपाशी तासभर बसावे. मंडळाने अशा वस्तूंची यादी करून पुढील अंकात द्यावी. यादीच्या आरंभी आमचेही नाव घालावे. त्यापुढे ‘गंजिफा, पाने १२०, गहाळ’ एवढेच लिहावे लागेल; परंतु ते वाचून कोणा एकाच्या घरची पेटी जरी वाचली, तरी आम्हांस समाधान वाटेल.