सीएसएसचं पुस्तक घेण्याआधी छपाईचं साल बघा

विष्णुपुरीतलं आपलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं १७ सप्टेंबर १९९४ ला. त्यानंतर तेविसाव्या दिवशी, १० ऑक्टोबरला, स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत होकोन व्हियुम ली यांनी एक छोटा प्रस्ताव मांडला. वेबपानावरचा मजकूर एकीकडे ठेवायचा आणि त्याचे रंग, अक्षरांचा आकार, मोकळी जागा हे सगळं दुसरीकडे लिहायचं. तीच आजची सीएसएस. नावातलं 'कॅस्केड' म्हणजे आपल्या सहस्रकुंडासारखं टप्प्याटप्प्यानं खाली येणं: लेखकाची आवड, वाचकाची आवड, दोन्ही एकत्र येऊन पान कसं दिसेल ते ठरतं.

संगणकाच्या पाठ्यपुस्तकांवर माझं संशोधन चालू असल्यामुळे पहिल्या वर्षाची मुलं हमखास विचारतात, "दादा, सीएसएससाठी कोणतं पुस्तक घेऊ?" पुस्तकाला चार-पाचशे रुपये मोडणार आणि प्रोजेक्टला दोनच महिने राहिलेले, म्हणून प्रश्न साधा नाही. माझं उत्तर असं, की आधी छपाईचं साल बघा.

का ते सांगतो. सीएसएसची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ ला अधिकृत झाली खरी, पण ब्राउझर ती आपापल्या मर्जीनं पाळायचे. एकच पान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हेचं दिसायचं. मग पान मांडायचं कसं? लोकांनी आकडेवारीसाठी असलेला तक्ता वापरला आणि जागा सोडायला एका बिंदूएवढं अदृश्य चित्र. डेव्हिड सिगेल यांचं १९९६ चं गाजलेलं पुस्तक हीच युक्ती शिकवत होतं. आज हसू येतं, पण त्या काळात दुसरा इलाज नव्हता. पुढं फ्लोट आला. खरं तर तो चित्राभोवती मजकूर वाहावा म्हणून होता, पण लोकांनी त्यावर अख्खी पानं उभी केली. ईथन मारकॉट यांनी २०१० मध्ये पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारं पान मांडलं. आणि मार्च २०१७ मध्ये, एकाच महिन्यात, फायरफॉक्स, क्रोम आणि सफारी तिघांनी ग्रिड स्वीकारलं. मांडणीसाठीच बनवलेलं साधन मिळायला बावीस वर्षं लागली बघा.

आता पुस्तक हातात घ्या आणि सरळ मांडणीचं प्रकरण उघडा. सगळा भर फ्लोटवर असेल तर ते २०१७ आधीचं. जॉन डकेट यांचं २०११ चं रंगीत पुस्तक मला अजूनही आवडतं. नवख्याला इतकं सोपं क्वचित कुणी सांगितलंय. रंग, अक्षरं, चौकटी त्यातून शिका, मांडणी मात्र नको, कारण फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड त्यात नाहीतच. एरिक मायर यांचा ग्रंथ २००० पासून नव्या आवृत्त्या काढत आलाय, पाचवी २०२३ ची. पण तो हजारावर पानांचा. वाचनालयात असू द्या, अडलं की उघडायला. पहिलं पुस्तक म्हणून तो घेतला तर मूल दुसऱ्या आठवड्यात पळून जाईल!

आणखी एक गोष्ट ही पुस्तकं सहसा सांगत नाहीत. त्यांची उदाहरणं रोमन लिपीची असतात. अक्षरांमधलं अंतर वाढवा म्हणतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषाच तुटते. सगळी अक्षरं कॅपिटल करायच्या आज्ञेचा आपल्याला काहीच उपयोग नाही. शब्दाखाली रेघ मारली की ती उकाराला जाऊन भिडते. ओळींची उंची १.२ ठेवली तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना खेटतात, मी १.६ पासून सुरुवात करायला सांगतो. आणि पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये नोंदवलं, तर काही फॉन्ट आपला मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' दाखवतात. नाही नोंदवलं तर हिंदी वळणाचे येतात.

म्हणून २०१७ नंतरचं, दोन-तीनशे पानांचं कुठलंही पुस्तक घ्या, आणि त्यातला पहिला सराव इंग्रजी मजकुरावर करू नका. विष्णुपुरीच्या धरणावर दहा ओळी मराठीत टाइप करा आणि त्याच ओळी सजवत शिका.