जांभळाखालची मूर्वा

आमच्या सोसायटीच्या मागे जांभळाखाली गवत टिकत नाही. तीनदा लॉन आणून अंथरलं, तिन्ही वेळा उन्हाळा लागायच्या आत जळून गेलं. वर दाट सावली, खाली मुळांचं जाळं. घातलेलं पाणी झाडच पिऊन टाकतं. शेवटी माझ्या गॅलरीतल्या स्नेक प्लांटचा गड्डा फोडून सात-आठ कोंब तिथं खोचले. दोन उन्हाळ्यांत जमीन झाकली गेली, तीही पाइप न लावता. हे झाड पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे ओल वाया जात नाही.

मग मी त्याच्या कुळाच्या मागे लागले, आणि पोचले थेट मुंजीपर्यंत. मुंज हे नाव मुंज गवताच्या मेखलेवरून पडलं. मनुस्मृतीत ती मेखला ब्राह्मण बटूसाठी सांगितली आहे. क्षत्रियाची मेखला मूर्वेची, धनुष्याच्या दोरीसारखी, आणि वैश्याची तागाची. दोरीला संस्कृतात मौर्वी म्हणतात, ते या मूर्वेवरूनच.

मूर्वा कुठली, यावर वैद्यांचं एकमत नाही. आपल्याकडे मोरवेलीला मूर्वा म्हणतात. पण मनुस्मृतीचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या विल्यम जोन्स यांनी बंगालमधलं एक जाड, ताठ पानांचं झाड मूर्वा म्हणून नोंदवलं. ते स्नेक प्लांटचं सख्खं भावंड. १७९३ पासून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांनी त्याचा वाख काढून पाहिला. चाळीस पौंड ओल्या पानांतून एक पौंड स्वच्छ, कोरडा वाख निघाला. पुढे झाडाला त्यांचंच नाव मिळालं, सॅन्सेव्हेरिया रॉक्सबर्गियाना. माझा कौल जोन्स यांच्या बाजूनं आहे. ज्या पानातून वाख निघतो, त्यावरून दोरीला नाव पडावं हे मला पटतं.

नर्सरीत मिळतं ते मात्र पश्चिम आफ्रिकेतलं, जास्त रुंद पानांचं. पिवळ्या काठाचं हवं असेल तर पानाचा तुकडा लावू नका, त्यातून नुसतं हिरवं झाड येतं, गड्डाच फोडायचा.

गेल्या महिन्यात जांभळाखालचं एक पान कापून पाटावर ठेवलं आणि सुरीच्या पाठीनं खरवडलं. हिरवा बुळबुळीत गर सुटत गेला, हाताला किंचित खाज आली, आणि खाली पांढरे, केसासारखे तंतू उघडे पडले. धुऊन, वाळवून मांडीवर वळले. हातभर दोरी झाली. दोन्ही हातांनी जोर लावून ओढली, तर बोटांवर वळ उठले, दोरी तशीच. सध्या तिनं तोंडलीचा वेल गजाला बांधून ठेवला आहे.