पिवळ्या थेंबाचा इतिहास : पाणी तपासणाऱ्या हातांविषयी

#इतिहास #थ्रेड

१/ पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर पुरेशी पडली आहे की नाही, हे पाहण्याची महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत रुळलेली रीत म्हणजे ‘ओटी टेस्ट’. नळाचे पाणी काचनळीत घ्यायचे, त्यात ऑर्थोटॉलिडिन या रसायनाचे थेंब सोडायचे. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे. रंगहीन राहिले तर नाही. वहीत एक नोंद होते आणि गाव पाणी प्यायला मोकळे होते. या पिवळ्या रंगाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्या इतिहासात एक प्रश्न मात्र सतत मागे पडत आला : पाणी पिणाऱ्याची काळजी वाहणारी ही चाचणी, ती करणाऱ्याची काळजी घेते का?

२/ आरंभ क्लोरीनपासून करू. विरंजक चूर्ण, म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर, पाण्यासाठी जन्मली नव्हती. ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये तिचे पेटंट घेतले ते कापड शुभ्र करण्यासाठी. पाण्याशी तिचे नाते जुळायला पुढे शतक जावे लागले. २६ सप्टेंबर १९०८ रोजी अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांच्या सल्ल्याने आणि अभियंता जॉर्ज फुलर यांच्या यंत्रणेने क्लोरीन सोडणे सुरू झाले. पिण्याच्या पाण्यात ‘रसायन’ घालण्याचा हा प्रकार थेट न्यायालयात गेला. न्यायालयाने लील यांचा उपाय ग्राह्य धरला आणि पुढच्या काही वर्षांत तो शहरामागून शहरांनी उचलला.

३/ आता प्रश्न उरला मात्रेचा. क्लोरीन कमी पडला तर जंतू जगतात. जास्त पडला तर लोक नाक मुरडतात आणि डबक्याचे पाणी जवळ करतात. तेव्हा पाण्यात क्लोरीन शिल्लक किती, हे मोजणे आले. त्या काळी हाताशी होती ती स्टार्च व आयोडाइडची चाचणी : क्लोरीन असला की निळा रंग. ब्रिटिश लष्करातील विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने ओळखली जाणारी पेटी याच तत्त्वावर चाले. तीत सहा पांढरे पेले असत. निळा रंग ज्या पेल्यात प्रथम ठळक दिसेल, त्याच्या क्रमांकाइतके चमचे पावडर ४५५ लिटर पाण्याला. भारतातील सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी ही पेटी आजही अभ्यासतात.

४/ ही निळी चाचणी उपयोगी होती, पण क्लोरीन अत्यल्प असला की तिची नजर अपुरी पडे. १९०९ मध्ये अर्ल फेल्प्स यांनी ऑर्थोटॉलिडिनचा उपयोग सुचवला आणि १९१३ मध्ये एल्म्स व हॉझर या दोघांनी तिची मोजमापाची पद्धत प्रसिद्ध केली. ऑर्थोटॉलिडिन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचे आणि थेंबाने पाण्यात घालायचे. रंग चढला की तो शेजारच्या प्रमाणित रंगपट्टीशी ताडून पाहायचा. स्वस्त, झटपट आणि डोळ्यांना सहज कळणारी ही रीत जलशुद्धीकरण केंद्रांनी लगेच आपलीशी केली.

५/ हे रसायन आले कोठून? रंगांच्या कारखान्यांतून. १८८० च्या दशकात जर्मनीत पॉल बोटिगर यांनी ‘काँगो रेड’ हा रंग शोधला. पूर्वी सुती कापडाला रंग धरावा म्हणून तुरटीसारखी द्रव्ये वापरावी लागत. हा रंग त्यांच्यावाचून थेट चढे. त्याचा पाया होता बेंझिडिन नावाचे संयुग. त्याच्या रेणूला दोन मिथाइल गट अधिक असले की होते ऑर्थोटॉलिडिन. म्हणजे दोघे सख्खी भावंडे. टॉलिडिनपासूनही लाल रंगांची मालिका निघाली. पाणी तपासणाऱ्यांना जे संयुग नवे वाटत होते, ते रंगकामगारांच्या हातांत कित्येक वर्षे आधीपासून होते.

६/ आणि त्या हातांचे काय झाले होते? १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी एक निरीक्षण मांडले. फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कामगारांत त्यांना मूत्राशयाच्या गाठी आढळल्या होत्या. एरवी विरळ असणारा हा विकार एकाच व्यवसायातील माणसांत दिसावा, हे त्यांना योगायोगाचे वाटले नाही. पुढे वैद्यकात ‘ॲनिलिन कर्करोग’ हे नाव रूढ झाले. दोष नेमका ॲनिलिनचा नसून बेंझिडिन, बीटा-नॅफ्थिलअमाइन यांसारख्या संयुगांचा आहे, हे हळूहळू उलगडत गेले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने या विषयावर स्वतंत्र अहवालच काढला.

७/ तारखा शेजारी ठेवून पाहा. १८९५ : पहिला इशारा. १९१३ : ऑर्थोटॉलिडिन पाण्याच्या चाचणीत. १९२१ : त्याच्या भावंडाविषयी आंतरराष्ट्रीय अहवाल. तरीही ही चाचणी पुढे अर्धशतक जगभर निर्धास्तपणे चालत राहिली. यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. एक ज्ञान कामगारांच्या वैद्यकात साठत होते, दुसरे पाणीपुरवठ्याच्या अभियांत्रिकीत. दोन्ही कपाटे एकाच इमारतीत असली तरी त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे होत्या.

८/ दुसरे कारण रोगाच्या स्वभावात आहे. हा कर्करोग संपर्कानंतर लगेच दिसत नाही; मध्ये पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहून अधिक काळ जातो. तोवर कामगार नोकरी सोडून गेलेला असतो आणि कार्याचा कारणाशी असलेला धागा तुटतो. तो धागा जुळवला ब्रिटनमधील रॉबर्ट केस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. रंगरसायनांच्या कारखान्यांतील जुन्या नोंदी आणि मृत्यूचे दाखले त्यांनी एकमेकांशी ताडून पाहिले. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : या कामगारांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अनेक पटींनी अधिक होते. हजेरीपटासारखा रूक्ष कागद इतिहासात साक्षीदार कसा होतो, याचे हे उत्तम उदाहरण.

९/ त्यातून कायदा आला. ब्रिटनच्या १९६७ च्या नियमांनी कारखान्यांत बेंझिडिनवर बंदी घातली आणि ऑर्थोटॉलिडिनला ‘नियंत्रित’ पदार्थांच्या यादीत टाकले. भारतातही १९९० च्या दशकात बेंझिडिनपासून बनणाऱ्या रंगांवर सरकारने बंदी आणली. पुढे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या वर्गीकरणात बेंझिडिन गट १ मध्ये, म्हणजे ‘माणसात कर्करोगकारक’, आणि ऑर्थोटॉलिडिन गट २ब मध्ये, म्हणजे ‘संभवतः कर्करोगकारक’, असे बसले. हा फरक ध्यानात ठेवायला हवा. २ब म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे. संशयाला पुरेसा आधार आहे, इतकेच.

१०/ पर्याय नव्हता म्हणून जुने चालू राहिले, असे म्हणावे तर तेही खरे नाही. इंग्लंडमधील न्यूकॅसल आणि गेट्सहेडच्या पाणी कंपनीतील रसायनतज्ज्ञ ए. टी. पॅलिन यांनी १९५७ मध्ये ‘डीपीडी’ पद्धत प्रसिद्ध केली. हिच्यात रंग येतो तो गुलाबी. पाण्यातला मुक्त क्लोरीन आणि अमोनियाशी बांधला गेलेला क्लोरीन ती वेगवेगळा दाखवू शकते. जुन्या पद्धतीला हे नीट जमत नव्हते. ते साधण्यासाठी ऑर्थोटॉलिडिनच्या जोडीला सोडियम आर्सेनाइट, म्हणजे चक्क सोमलाचा क्षार, वापरण्याची रीतही निघाली होती. एका विषाची उणीव दुसऱ्या विषाने भरून काढण्याचाच हा प्रकार.

११/ १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ‘स्टँडर्ड मेथड्स’ या प्रमाणग्रंथातून ऑर्थोटॉलिडिन वगळले गेले. त्यामागे दोन आक्षेप होते. पहिला अचूकतेचा : लोह, मँगनीज, नायट्राइट असलेल्या पाण्यात क्लोरीन नसतानाही पिवळेपणा येऊ शकतो. दुसरा विषारीपणाचा. पहिला आक्षेप पाणी पिणाऱ्याच्या बाजूने होता, दुसरा पाणी तपासणाऱ्याच्या. प्रमाणग्रंथाने दोन्ही ऐकले. पण त्या ग्रंथाचे पान उलटून आपल्या टाकीखाली पोचायला फार वेळ लागला. अनेक ठिकाणी ते अजून पोचलेले नाही.

१२/ याचा अर्थ ओटी टेस्टने आपले नुकसानच केले, असा काढणे कृतघ्नपणाचे ठरेल. पटकी, कावीळ, गॅस्ट्रो यांच्या साथींशी झुंजणाऱ्या आरोग्ययंत्रणेला शाळकरी मुलालाही वाचता येईल असे एक चिन्ह हवे होते, आणि ते या चाचणीने दिले. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवी, पिवळी, लाल कार्डे दिली जातात. त्या साऱ्या व्यवस्थेच्या मुळाशी रोजचे क्लोरिनेशन आणि त्याची रोजची पडताळणी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा. ते कोणीतरी मोजलेच पाहिजे. प्रश्न मोजावे की नाही हा नसून मोजणाऱ्याने काय हाताळावे, हा आहे.

१३/ हा विसर एकट्या क्लोरीनच्या चाचणीपुरता नाही. सोमलाचे, म्हणजे आर्सेनिकचे, उदाहरण घ्या. आम्ल आणि जस्त यांच्या योगे पाण्यातील आर्सेनिकचा ‘आर्सीन’ वायू करायचा आणि त्याने पाऱ्याच्या क्षाराचा कागद पिवळा ते तपकिरी होतो का पाहायचे, ही गुटझाइट यांची एकोणिसाव्या शतकातील पद्धत. हाच आर्सीन हाताळताना म्युनिकचे रसायनतज्ज्ञ अडॉल्फ गेहलेन १८१५ मध्ये प्राणाला मुकले होते. पुढे पश्चिम बंगाल आणि बांगलादेशातील कूपनलिकांत आर्सेनिक सापडले, तेव्हा याच तत्त्वावरचे संच गावोगाव गेले. तपासलेल्या कूपनलिका लाल आणि हिरव्या रंगवल्या गेल्या. असंख्य लोक वाचले. पण या संचांतून निसटणारा आर्सीन सुरक्षित मर्यादा ओलांडू शकतो, हे एका अभ्यासाने १९९९ मध्ये दाखवून दिले. म्हणून ही चाचणी बंद खोलीत कधीही करू नये.

१४/ धोका दर वेळी रसायनाचाच असतो असेही नाही. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी विष्ठेने दूषित झालेले पाणी ओळखण्याची एक सोपी चाचणी मांडली : बाटलीत पाणी भरून ठेवायचे, ते काळे पडले तर दूषित. आज ती ‘एचटूएस’ बाटली म्हणून खेडोपाडी परिचित आहे. काळ्या पडलेल्या त्या बाटलीत जंतू पूर्वीपेक्षा कितीतरी पटींनी वाढलेले असतात, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ती उकिरड्यावर फेकण्याआधी आत ब्लीचिंग पावडरचे द्रावण ओतून काही वेळ ठेवणे आवश्यक आहे.

१५/ हे सारे आज का सांगायचे? कारण पाणी तपासणारे हात बदलत आहेत. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावात किमान पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असे ठरवले. प्रयोगशाळेचा झगा, धुराडे, हात धुण्याचे बेसिन यांपैकी काहीही या महिलांच्या भोवती नसते. संच उघडला जातो तो ओट्यावर, अंगणवाडीत, कधी स्वयंपाकघरात. प्रयोगशाळेची शिस्त आपोआप सोबत येत नाही. ती सांगावी लागते, मराठीत सांगावी लागते आणि तिच्यासाठी पैसे मंजूर करावे लागतात.

१६/ म्हणून काही साधे नियम, प्रत्येकामागे वर सांगितलेला इतिहास आहे :
• नळीचे तोंड अंगठ्याने बंद करून हलवू नये; ऑर्थोटॉलिडिन कातडीतून शरीरात शिरते. बूच किंवा झाकण वापरावे.
• हातमोजे घालावेत. काम संपल्यावर साबणाने हात धुवावेत. तोवर चहा, तंबाखू, पान काहीही नको.
• कोणतेही द्रावण तोंडाने ओढू नये.
• आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात सोडावे, पाणी आम्लात कधीच नाही.
• तपासलेले पाणी विहिरीत, टाकीत किंवा गुरांच्या डोणीत ओतू नये. वेगळ्या झाकणाच्या डब्यात साठवून आरोग्य केंद्राकडे किंवा प्रयोगशाळेकडे सोपवावे.
• रसायन औषधाच्या वा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरू नये. मूळ बाटली, मराठी चिठ्ठी आणि मुलांचा हात न पोचणारे, उजेडापासून दूर असे कपाट.
• डीपीडीची गोळीही बोटांनी चुरू नये. ती तुलनेने सौम्य असली तरी कातडीला सोसतेच असे नाही.

१७/ पाण्याचा इतिहास आपण बहुधा पिणाऱ्यांच्या बाजूने लिहितो : किती साथी आटोक्यात आल्या, किती जीव वाचले. तो अभिमानाने लिहावाच. पण त्या प्रत्येक आकड्यामागे रोज सकाळी कोणीतरी नळी उजेडात धरली आहे, आणि तिच्या बोटांचा हिशोब कोणत्याही वहीत नाही. पुढच्या ग्रामसभेत पाणीपुरवठ्याचा विषय निघेल तेव्हा तीन प्रश्न विचारता येतील : संच ऑर्थोटॉलिडिनचा आहे की डीपीडीचा? हातमोज्यांची तरतूद आहे का? वापरलेले द्रावण जाते कोठे? १८९५ मध्ये मिळालेल्या इशाऱ्याला उत्तर देण्याची ही अगदी स्वस्त संधी आहे.