स्प्रिगनच्या वेगाची कुळकथा

‘डन्जन क्रॉल स्टोन सूप’ या संगणकीय खेळात भुयारात उतरण्याआधी आपण कोण व्हायचे ते ठरवावे लागते. मिनोटॉर होता येते, ममी होता येते, नाग होता येते आणि स्प्रिगनही होता येते. स्प्रिगन म्हणजे वीतभर वाटावा असा, जादूत तरबेज, चोरपावलांनी वावरणारा आणि बाकी साऱ्यांपेक्षा भरभर चालणारा जीव. अंगात ताकद नाही, जड चिलखत मापाचे नाही, मोठी तलवार पेलत नाही. बरोबरीच्या माणसापेक्षा प्राणबळ सुमारे तीस टक्क्यांनी कमी. इतके असूनही मुरलेले खेळाडू त्याला मनापासून निवडतात, कारण त्याचे पाय. लहान, चपळ आणि मायावी हे त्रिकूट आता इतके सवयीचे झाले आहे, की ते परीकथांतून जसेच्या तसे उचलले असावे असे कोणालाही वाटेल. पण पुरावा तपासला तर वेगळेच दिसते. स्प्रिगनचे नाव लोककथेतून आले, लहानपण काही अंशी पुस्तकांतून आणि पटावरच्या खेळांतून आले. त्याचा वेग मात्र या दोन्ही घराण्यांचा नाही. तो चालींच्या हिशेबातून जन्मला.

आधी नावाचे घराणे पाहू. स्प्रिगन हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलचे भूत. रॉबर्ट हंट याने १८६५ मध्ये छापलेल्या ‘पॉप्युलर रोमान्सेस ऑफ द वेस्ट ऑफ इंग्लंड’ या संग्रहात आणि त्याच सुमारास विल्यम बॉट्रेलने गोळा केलेल्या कथांत ते भेटते. कॉर्नवॉलच्या टेकड्यांवर प्रागैतिहासिक काळातल्या दगडांच्या राशी आणि शिलासमाधी आहेत. तिथे पूर्वी राक्षस राहत, त्यांनी सोने पुरून ठेवले आणि त्या राक्षसांची भुतेच स्प्रिगन होऊन त्याची राखण करतात, असा समज. हंटने दिलेल्या ट्रेनक्रोम टेकडीच्या कथेत एक माणूस रात्री सोने खणायला जातो. वादळ उठते, विजा कडाडतात आणि खडकांच्या फटींतून स्प्रिगनांची झुंड बाहेर पडते. बाहेर पडताना ते चिमुकले असतात, जवळ येता येता फुगत जातात आणि अंगावर येईपर्यंत अक्राळविक्राळ होतात. माणूस पळ काढतो आणि पुढे बराच काळ अंथरूण धरतो. या कथेतली भीती कशाची आहे? आकार बदलण्याची, वादळाची, संख्येची आणि कुरूपतेची. वेगाची नव्हे. स्प्रिगनला पळायचे कारणच नाही. तो राखणदार आहे, पळायचे ते चोराने. खेळात ही भूमिका नेमकी उलटली आहे. तिथे स्प्रिगन स्वतः भुयारात शिरतो, रून्स नावाच्या पंधरा जादुई खुणांपैकी निदान तीन मिळवतो, तळाशी असलेला झॉटचा गोळा उचलतो आणि पाठलाग करणाऱ्यांना चुकवत वर येतो. राखणदाराचा चोर झाला, आणि चोराला लागणारे पाय त्याला मिळाले. आकाराने फुगण्याची त्याची मूळ विद्या मात्र खेळात आलीच नाही.

दुसरे घराणे पटावरच्या खेळांचे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ निघाले आणि दुसऱ्याच एखाद्या प्रजातीच्या कातडीत शिरून भुयार धुंडाळण्याची रीत तिथून रुळली. त्यात बुटकी माणसे पहिल्यापासून होती. टॉल्किनच्या १९३७ च्या ‘द हॉबिट’मधून आलेला हॉबिट योद्धा म्हणून चौथ्या पायरीपलीकडे चढू शकत नसे, पुढे हक्कांच्या वादामुळे त्याचे नाव हाफलिंग झाले. या हाफलिंगची चाल पाहण्यासारखी आहे. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत माणसाचा चालण्याचा आकडा १२, तर हाफलिंगचा ६. पुढे २०१४ च्या आवृत्तीतही माणूस एका पाळीत ३० फूट जातो आणि हाफलिंग २५ फूट. म्हणजे पाव शतकाच्या अंतराने निघालेल्या या दोन्ही आवृत्त्या एकच सांगतात, की आखूड पायांचा जीव हळू चालतो. हे तर्काला धरूनच होते. कॉर्नवॉलचा स्प्रिगनही या परंपरेत आला, पण राक्षस म्हणून: १९८३ च्या दुसऱ्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तो मनात आणेल तेव्हा अजस्र होणारा दुष्ट चोर आहे. तिथे लोककथेतले फुगणे शाबूत आहे आणि वाऱ्यासारखे पाय नाहीत. १९८९ च्या ‘टॉल टेल्स ऑफ द वी फोक’ या पुरवणीने पिक्सी, स्प्राइट असे जीव खेळाडूच्या हाती दिले खरे, पण ते पंखांचे जीव. उडणे ही वेगळी देणगी आहे. तिने भिंती आणि खंदक ओलांडता येतात.

तिसरे घराणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते आणि त्याचा शोध सहसा कोणी घेत नाही. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ लिहिला. पडद्यावर अक्षरांनी काढलेले भुयार, बुद्धिबळासारखी घरे, तुम्ही एक चाल केली की शत्रू एक चाल करणार, आणि मेलात की खेळ मुळापासून सुरू. पटावरच्या खेळात वेळ निवेदकाच्या हाती सैल असतो. ‘रोग’मध्ये मात्र वेळ हे मोजलेले नाणे झाले. प्रत्येक पाऊल, प्रत्येक घोट, प्रत्येक वार त्या एकाच थैलीतून खर्च होऊ लागला. अशा जगात ‘वेगवान’ याचा अर्थ पूर्ण बदलतो. शत्रूच्या एका चालीत आपल्या दोन होणे हा तिथला वेग. पण हे साधन हाती आल्यावरही ते लगेच बुटक्यांना मिळाले नाही. १९८७ पासूनच्या ‘नेटहॅक’मध्ये साध्या खेळाडूचा वेग १२, भुयारात भेटणारा हॉबिट ९ चा, नोम आणि ड्वॉर्फ ६ चे. शिवाय खेळाडूने स्वतः नोम व्हायचे ठरवले तरी त्याचा वेग इतरांएवढाच. जुन्या पटाचा संस्कार संगणकावरही टिकून होता.

तो मोडला तो लिनली हेन्झेल या ऑस्ट्रेलियन लेखकाच्या ‘डन्जन क्रॉल’च्या परंपरेत. हा खेळ १९९७ मध्ये लोकांसमोर आला आणि २००६ पासून स्वयंसेवकांनी ‘स्टोन सूप’ या नावाने तो पुढे चालवला. त्यातला हिशेब मुळातून समजून घ्यावा असा आहे. साध्या जिवाचे एक पाऊल १० मात्रांचे, स्प्रिगनचे ६ मात्रांचे. तीस मात्रांत माणूस तीन घरे जातो, स्प्रिगन पाच. दोन घरांचा फरक ऐकायला थोडा वाटतो. पण लगतच्या घरात उभा असलेला शत्रू तुमच्याच गतीचा असेल, तर माघार घेऊन काही साधत नाही. तुम्ही एक घर हटलात की तो एक घर सरकतो आणि अंतर शून्यच राहते. जिन्यावर पोहोचलात तरी सुटका नाही, कारण खेटून उभा असलेला शत्रू तुमच्यामागोमाग जिना चढतो. मध्ये एक मोकळे घर पडले की मात्र तो खालीच राहतो. जगणे-मरणे ठरवणारे ते एक घर स्प्रिगनला चार-दोन पावलांत मिळते. दोन घरे मिळाली तर औषधाचा घोट घेता येतो किंवा मंत्र पुरा करता येतो. आणखी एक बारकावा असा, की भराभर होते ते फक्त चालणे. स्प्रिगनचा खंजीर आणि मंत्र इतरांच्याच गतीने चालतात. त्यामुळे समोरासमोर उभे राहून लढताना हा वेग काडीचाही उपयोगी पडत नाही. लढायचे की नाही, कुठे लढायचे आणि केव्हा सोडायचे, एवढेच तो ठरवू देतो. म्हणून स्प्रिगनचा नावाजलेला डाव निद्रामंत्राचा आहे: शत्रूला झोपवायचे, दबकत जवळ जायचे, झोपेतच खंजीर खुपसायचा आणि दुसरे जागे व्हायच्या आत निघून जायचे.

याची किंमतही त्याच थैलीतून वसूल होते. लहान अंगामुळे वार चुकवणे सोपे जाते, पण बसला तर एकच पुरतो. ओगरच्या हातातल्या अवजड सोट्याखाली सुरुवातीचे कित्येक स्प्रिगन संपतात. धनुष्य घेतलेला सेंटॉर पायाने त्याच्याहून किंचित मंद आहे, पण बाणाला पाय लागत नाहीत. या किमतीचे दुसरे टोक पाहायचे तर त्याच खेळातला नाग पाहावा. तो आपल्याकडचा, म्हणजे भारतीय कथांतूनच जगभर गेलेला. खेळात तो सरपटत सावकाश जातो. बदल्यात दणकट अंग आणि विष थुंकण्याची शक्ती. गुप्तधनावर बसलेला नाग मराठी माणसाला सांगायला नको. कॉर्नवॉलचा राखणदार आणि आपला राखणदार, दोघेही या भुयारात धन शोधायला उतरले आणि एकाला सर्वांत वेगवान पाय मिळाले, तर दुसऱ्याला मंद सरपटणे. दोन्ही लोककथांत वेगाचा मुद्दाच नव्हता. चालीचा दर ठरवताना पट्टीच्या दोन टोकांना दोन नावे हवी होती आणि ती अशी वाटली गेली, असेच यावरून दिसते.

यावर पहिला आक्षेप शेक्सपिअरचा निघेल. त्याच्या नाटकातला पक हा मायावी जीव चाळीस मिनिटांत पृथ्वीला वळसा घालायची भाषा करतो. मग चिमुकल्या मायावी जिवाचा वेग जुनाच नव्हे का? पकची ती भरारी अद्भुताची आहे, चालीची नव्हे. तिला चालींचे मोजमाप नाही आणि तिची किंमत कोणी देत नाही. शेक्सपिअर आणि १६२७ च्या ‘निम्फिडिया’चा कर्ता ड्रेटन यांनी पऱ्यांना फुलाएवढे लहान केले, हे खरे, आणि टॉल्किनने १९३९ च्या परीकथांवरील व्याख्यानात त्याबद्दल नाराजीही व्यक्त केली. पण त्यातून आले ते लहानपण. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ‘अँगबँड’च्या घराण्यातल्या ‘झॅन्गबँड’ या खेळात स्प्राइट प्रजाती आहे आणि पायरी चढेल तसा तिचा वेग वाढतो; मग श्रेय ‘क्रॉल’लाच का? श्रेय एकाच खेळाला द्यावे असे माझे म्हणणे नाही. ‘झॅन्गबँड’ही मोजलेल्या वेळाचाच खेळ आहे आणि स्प्राइटचा वेग तिथेच संभवला, ही गोष्ट माझ्या बाजूचीच. फरक इतकाच, की तिथला वेग वार आणि मंत्र यांनाही लागू पडतो आणि बक्षीस म्हणून हळूहळू मिळतो. ‘क्रॉल’ने तो फक्त पायांत ठेवला आणि पहिल्या पावलापासून दिला. म्हणूनच स्प्रिगनचा स्वभाव घडला. स्प्राइट नुसता बलवान होत जातो. चोरपावलांचे ऋण मात्र हॉबिटचे आहे आणि ते मान्य करायला हवे. ‘द हॉबिट’मध्ये चोरी करायला नेलेला बिल्बो नसता, तर पटावरच्या हाफलिंगला चोराची विद्या मिळाली नसती आणि लहान म्हणजे दबकणारा ही समजूतही इतकी पक्की झाली नसती.

एक शंका उरते. खेळ घडवणाऱ्यांनी केवळ तोल साधण्यासाठी आकडे जुळवले, त्याला कुळकथा कशाला म्हणायचे? कारण तोल साधताना काय टाकले आणि काय राखले, यातच वंश दिसतो. स्प्रिगन एके काळी फक्त शाकाहारी होता. त्याला भूक कमी लागे, पण मारलेल्या शत्रूचे मांस चालत नसे. हे कॉर्नवॉलच्या कथांत कुठे नाही. ‘रोग’पासून चालत आलेल्या भुकेच्या नियमातून ते आले होते, कारण अन्न हेही वेळ मोजण्याचे माप होते. २०२१ च्या ०.२६ आवृत्तीत भूक आणि अन्न हे दोन्ही खेळातून काढून टाकले आणि स्प्रिगनचा शाकाहारही त्याबरोबर गेला. कोणाला तो ओळखू येईनासा झाला नाही. सहा मात्रांचे पाऊल मात्र कायम राहिले.