कर्नेल बदलले, लिब्रेऑफिस बंद पडले

प्रश्नपत्रिका टंकित करण्याचा प्रोग्रॅम काल चालत होता. रात्री संगणकाने सुरक्षेच्या सुधारणा उतरवून घेतल्या आणि आज तो उघडताच बंद पडतो. अशा वेळी फाइल बिघडली, विषाणू शिरला किंवा मुलांनी काहीतरी केले, असा संशय प्रथम येतो. जून 2017 मध्ये लिनक्सच्या अनेक 32-बिट संगणकांवर लिब्रेऑफिसचे असेच झाले, आणि तेव्हा यांपैकी एकही कारण खरे नव्हते.

काय झाले ते समजण्यासाठी आधी एका नदीकडे पाहू. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते. तेथे तिला गांधारी मिळते. पावसाळ्यात तिचे पात्र किती पसरू शकते हे महाडकरांनी 2005 आणि 2021 साली पाहिले. नदीकाठी किती जागा मोकळी हवी हे ठरवण्यासाठी जलसंपदा विभाग पूररेषा आखतो. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते.

चालू प्रोग्रॅमच्या स्मृतीतही असाच एक वाढता-ओसरता भाग असतो. त्याला 'स्टॅक' म्हणतात. एका कामातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे काम सुरू झाले की प्रत्येकाची तात्पुरती टिपणे स्टॅकवर चढतात आणि काम संपले की उतरतात. किती जागा लागेल हे आधी ठाऊक नसल्याने गरजेप्रमाणे ती वाढवून देण्याचे काम 'कर्नेल' करते. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा. मात्र स्टॅक वाढत वाढत शेजारच्या स्मृतीत शिरला, तर तेथील माहितीवर नवी माहिती लिहिली जाते. त्याचा फायदा घेऊन संगणकाचा ताबा मिळवता येतो, हे 2005 सालीच दाखवले गेले होते.

लिनक्सने यावर 2010 मध्ये उपाय केला. स्टॅक आणि शेजारची स्मृती यांच्यामध्ये एक पान, म्हणजे 4 किलोबाइट, जागा मोकळी ठेवायची. त्या पानाला स्पर्श झाला की प्रोग्रॅम थांबवायचा. पण पट्टी अरुंद असली तर ती ओलांडताही येते. प्रोग्रॅमने एकदम मोठी जागा मागितली, तर तो मधल्या पानाला न शिवता पलीकडे पोहोचतो. क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी 19 जून 2017 रोजी नेमके हेच जाहीर केले. या त्रुटीला 'स्टॅक क्लॅश' असे नाव पडले. त्याच दिवशी कर्नेलमध्ये दुरुस्ती आली आणि मोकळी पट्टी 1 पानाऐवजी 256 पानांची, म्हणजे 1 मेगाबाइटची झाली. डेबियन या लिनक्स वितरणाची नववी आवृत्ती दोनच दिवसांपूर्वी बाहेर पडली होती.

लिब्रेऑफिस आपली काही कामे जावाकडून करून घेते. जावाने स्टॅकच्या परिसरात आपल्या सोयीसाठी काही जागा आखून ठेवलेली होती. जुन्या नियमात ती बसत होती. नवी रेषा आखल्यावर ती निषिद्ध पट्ट्यात आली. स्टॅक वाढवण्याची वेळ येताच कर्नेलला पट्ट्यात कोणीतरी आधीच बसलेले दिसले आणि त्याने प्रोग्रॅम बंद केला. घर जागचे हलले नव्हते, रेषा सरकली होती.

दोष शोधण्याची रीत मला या हकिकतीतला सर्वांत शिकवण्याजोगा भाग वाटतो. लिनक्समध्ये नवे कर्नेल बसवल्यावर जुने सहसा लगेच पुसले जात नाही. संगणक सुरू होताना ते निवडता येते. जुने कर्नेल निवडले की लिब्रेऑफिस चाले. म्हणजे फाइल निर्दोष, लिब्रेऑफिसही तेच. मग नवे कर्नेल ठेवून लिब्रेऑफिसच्या पर्यायांत जावाच्या वापराची खूण काढली, तरीही ते चाले. म्हणजे बिघाड नवे कर्नेल आणि जावा एकत्र आल्यावरच होत होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण प्रयोगशाळेत रोज सांगतो. प्रत्यक्षात मात्र घाईघाईने लिब्रेऑफिस काढून पुन्हा बसवणारेच जास्त, आणि येथे त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

दोन्ही तात्पुरत्या उपायांची किंमत सारखी नव्हती. जुन्या कर्नेलकडे परतणे म्हणजे नुकतेच बुजवलेले भगदाड पुन्हा उघडणे. जावा बंद करण्याने माहितीसंचाचा भाग असलेला 'बेस' आणि काही साहाय्यक सोयी अडत. पत्र, गुणपत्रक, प्रश्नपत्रिका यांना बाधा येत नसे. शाळेच्या संगणकासाठी दुसरा उपाय उघडच बरा.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा एक आग्रह प्रसिद्ध आहे: कर्नेलच्या बदलाने चालता प्रोग्रॅम बंद पडला, तर दोष कर्नेलचा मानायचा. त्यामुळे जावाच्या कर्त्यांकडे बोट दाखवून विषय संपला नाही. वितरणांनी काही दिवसांत सुधारित कर्नेल दिले. जुलै 2017 मध्ये मिखाल होको यांची दुरुस्ती मुख्य कर्नेलमध्ये आली. प्रोग्रॅमने स्वतःच संरक्षणासाठी राखून ठेवलेल्या, वाचता किंवा लिहिता न येणाऱ्या पानांना तिने नव्या नियमातून सूट दिली. पट्टी मात्र 256 पानांचीच राहिली.

ज्या 32-बिट संगणकांवर हा बिघाड दिसला, त्यांच्यासाठी डेबियनने ऑगस्ट 2025 मधील तेराव्या आवृत्तीपासून कर्नेल देणेच थांबवले आहे. असा संगणक अजून शाळेत चालू असेल, तर त्याला बाराव्या आवृत्तीवरच ठेवावे लागते.