पांदण, धुरा आणि धावणारी माणसे

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला ‘वाट’ हा शब्द प्रतीक म्हणूनच अधिक परिचित असतो. संतांची वाट, कवीची वाट, परतीची वाट असे आपण सहज बोलतो. परंतु वाट ही प्रतीक होण्यापूर्वी जमिनीची एक पट्टी असते. तिला रुंदी असते, मालक असतो किंवा नसतो, आणि महसुली दप्तरात तिची नोंद असते किंवा नसते. वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यात, पुलगाव–आर्वी मार्गावर असलेल्या रोहणा या गावाचे शिवार डोळ्यांसमोर ठेवून या जमिनीवरच्या वाटेचा आणि तिच्यावरून धावणाऱ्या माणसांचा थोडा विचार आम्ही येथे करीत आहोत.

या भागातील वाटांची शब्दसंपत्ती आधी लक्षात घ्यावी. दोन शेतांमधल्या बांधाला येथे ‘धुरा’ म्हणतात आणि धुऱ्याचे भांडण हा वऱ्हाड-नागपूरकडील कौटुंबिक इतिहासाचा कायमचा अध्याय आहे. गावाबाहेर गुरे जमतात ती जागा ‘आखर’. बैलगाडीला ‘बंडी’ म्हणतात आणि बंडीची वाट म्हणजे ‘पांदण’. पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाकांनी आणि खुरांनी पांदण दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल गेलेली असते. त्यामुळे उन्हाळ्यात जी वाट, तीच पावसाळ्यात नाला होते. काळ्या कसदार जमिनीचा चिखल ज्याने तुडविला आहे, त्याला पऱ्हाटीच्या शेतात भर आषाढात पोहोचणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

या मुलखात चालण्याला फार जुनी वाङ्मयीन साक्ष आहे. चक्रधरांच्या पंथात ‘अटन’ हा आचारधर्मच होता. ‘लीळाचरित्र’ हे मराठीतील आद्य गद्यचरित्र एका अखंड चालणाऱ्या पुरुषाचे चरित्र आहे, आणि ‘स्थानपोथी’ने तर गावे, देवळे, दिशा यांची नोंद ठेवून त्या चालण्याला भूगोल दिला. ज्या रिद्धपुरात या परंपरेचे केंद्र होते आणि जेथे आता मराठी भाषा विद्यापीठ आले आहे, ते वर्धा नदीच्या पलीकडे, अमरावती जिल्ह्यात आहे. आपण ‘स्थानपोथी’ भाषेसाठी वाचतो, रस्त्यांसाठी फारशी वाचत नाही, ही आपल्या अभ्यासक्रमाची एक उणीवच म्हणावी लागेल.

परंतु अटन करणारा स्वेच्छेने चालतो, आणि गावगाड्यात स्वेच्छेने चालणारे थोडेच असतात. मराठेशाहीच्या पत्रव्यवहारात ‘जासूद’ आणि ‘कासीद’ वारंवार भेटतात. पत्र कोणी लिहिले आणि कोणाला लिहिले हे इतिहासकार काळजीपूर्वक नोंदवितो, ते घेऊन धावणारा मात्र बहुधा निनावीच राहतो. गावपातळीवर हे काम महाराकडे होते. सरकारी सांगावा पुढच्या गावी पोहोचविणे, आलेल्या अंमलदाराला शिवेपर्यंत वाट दाखविणे आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला तर ती वार्ता ऊन-पाऊस न पाहता गावोगाव नेणे, ही कामे त्याच्या वाट्याची होती. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मध्ये महारकीच्या कामांचे जे वर्णन येते, त्यात अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणेही आहे. ते गाव नगर जिल्ह्यातले असले तरी प्रथा एका जिल्ह्यापुरती नव्हती. शिवारातल्या आडवाटा ज्याला सर्वांत चांगल्या ठाऊक, त्याच्याच नावे त्या शिवारात बहुधा सर्वांत कमी जमीन. हा विरोधाभास मराठी ग्रामीण कादंबरीने जितका पाहावयास हवा होता तितका पाहिलेला नाही, असे आमचे मत आहे.

ब्रिटिश काळात वाटांची दिशाच बदलली. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा झाला. त्याचे ठाणे आधी पुलगावजवळच्या कवठ्याला होते, ते १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसविलेल्या नव्या वर्धा शहरात गेले. पाठोपाठ नागपूरपर्यंत रेल्वे आली आणि कापसाच्या बंड्या रुळांकडे वळल्या. पुढे पुलगाव–आर्वी ही अरुंद मार्गाची गाडी सुरू झाली. तिच्या वाटेवर रोहण्याचे स्थानक होते. ती गाडी आता बंद आहे. पांदणी मात्र रुळांच्या आधीही होत्या आणि नंतरही राहिल्या.

त्या राहिल्या याचे कारण अंशतः कागदात आहे. वर्धा जिल्हा मालगुजारीचा, तर नदीपलीकडचे वऱ्हाड रयतवारीचे. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि गावाच्या सामाईक जमिनी शासनाकडे आल्या. तेथील वहिवाटी मात्र दोन जुन्या दस्तऐवजांत टिकल्या. एक ‘निस्तारपत्रक’ आणि दुसरा ‘वाजिब-उल-अर्ज’. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने (१९६६) या दोन्हींना कलम १६१ आणि १६५ मध्ये स्थान दिले आहे. वाजिब-उल-अर्जमध्ये गावातील सिंचनाचे, वहिवाटीचे आणि मासेमारीचे रिवाज नोंदवावयाचे असतात. भाषेच्या विद्यार्थ्याला या नावात गंमत वाटेल, कारण ‘वाजवी’ आणि ‘अर्ज’ हे दोन्ही शब्द आपण रोज वापरतो. फक्त ते एकत्र आले की अनोळखी होतात.

येथे इंग्लंडचे उदाहरण उपयोगी पडते. तेथील खेड्यांभोवती आज लोक हौसेने धावतात त्या पायवाटा मुळात चर्चला, गिरणीला, शेताला जाणाऱ्या वाटा होत्या. हेल्पस्टन गावचा शेतमजूर कवी जॉन क्लेअर याच्या डोळ्यांदेखत, १८०९ च्या कायद्यान्वये, गावाची मोकळी राने कुंपणात गेली. त्या दुःखातून इंग्रजी निसर्गकवितेला एक वेगळाच कडवट स्वर मिळाला. पुढे २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटच्या खाजगी माळावर शेकडो कामगार तरुण मुद्दाम चढले आणि त्यांपैकी पाच जण तुरुंगात गेले. १९४९ च्या कायद्याने अखेर परगणा समित्यांवर प्रत्येक सार्वजनिक पायवाट नकाशावर आणण्याचे बंधन घातले. नकाशावर आलेली वाट सर्वांची. तिच्यावरून जाणाऱ्याला शेत आहे की नाही, हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्याकडे तो उद्भवतो. संहितेच्या कलम १४३ नुसार धुऱ्यावरून रस्ता मिळतो, पण तो शेतकऱ्याला त्याच्या शेतात जाण्यासाठी. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमान्वये वहिवाटीतला अडथळा तहसीलदार दूर करू शकतो. त्यासाठी सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. म्हणजे वाटेचा हक्क बहुतांशी शेताच्या पाठोपाठ येतो. निंदायला जाणारी मजूर बाई त्याच धुऱ्यावरून रोज जाते. कायद्याच्या भाषेत तिचे जाणे दुसऱ्याच्या हक्काची सावली आहे. नकाशावर तुटक रेषांनी दाखविलेली पांदण सार्वजनिक असते खरी, पण दोन्ही बाजूंनी दरवर्षी एकेक तास नांगराचा आत सरकला की रेषा कागदावर राहते आणि बाभळी जमिनीवर. शासनाने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी’ नावाने पाणंद रस्त्यांची योजना आणली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचे ठरले. ही नोंद खरोखर झाली तर ती मालगुजारीनंतरची मोठी घटना ठरेल. (‘पाणंद’ हा शब्द इकडे कोणी बोलत नाही, योजनेचे मराठी पश्चिमेकडचे.)

आणि धावणे? रोहण्यासारख्या गावांतून आजही पहाटे माणसे धावतात. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि सेकंदांवर गुण ठरतात. त्यांत शेतकऱ्यांची मुले आहेत, मजुरांची आहेत, आणि ज्यांचे पणजोबा सांगावा घेऊन धावत होते त्यांचीही आहेत. पांदण खाचखळग्यांची, बुजलेली, काही ठिकाणी नांगरलेली. म्हणून ही मुले डांबरी रस्त्यावर धावतात. तेथे अंतर मोजण्यास किलोमीटरचे दगड असतात, आणि समोरून ट्रक येत असतात. मुली दोघी-तिघी मिळून, उजाडल्यावर निघतात. त्यामुळे त्यांचा वेळ ऐन वर्दळीत जातो. आमच्या वर्गात सकाळच्या पहिल्या तासाला धुळीचे बूट घालून जी मुले बसतात, ती अशी चार-पाच किलोमीटर करून आलेली असतात. गाव नकाशातील तुटक रेषेची पांदण त्यांच्यापैकी अनेकांच्या घरामागूनच जाते.